कधीतरी नावाचा रकाना

कारखान्याच्या आवक वहीतली एक नोंद: "सॉफ्टवेअर, नग एक. खोकं नाही. वजन चार ग्रॅम."

सासूबाईंना आलेली मेल: "नमस्कार! तुमचा दात उशिराने चालू आहे."

पलंगाखाली एक लोखंडी यंत्र आहे. घरातल्या प्रत्येकाच्या पायाच्या करंगळीशी त्याची ओळख झालेली आहे.

शेजारचे मोजणीकाका, जिन्यात, किल्ली शोधता शोधता: "सॉफ्टवेअर घेताना ते सुरू कसं होतं हे बघू नये. बंद कसं होतं ते बघावं."

बायको, भूगोलाच्या फाटक्या पुस्तकाला डिंक लावता लावता: "कधीतरी म्हणजे साधारण कधी?"

रंगारी, हातातली पिशवी पुढे करत: "साहेब, एकही हरवलेली नाही. मोजून घ्या."

यातली शेवटची गोष्ट सगळ्यात आधी घडली, तेव्हा तिथूनच निघालेलं बरं.

स्थिती: सुरळीत

चिठ्ठीसाहेबांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथे ते सुखात होतं. वजनकाटे बनवणाऱ्या एका कारखान्यात ते उत्पादनप्रमुख होते. प्रमुख म्हणजे हाताखाली दीड माणूस: एक पूर्ण दिवस येणारा आणि एक जेवणानंतर येणारा. दुकानदाराचा काटा, स्वयंपाकघरातला काटा, तान्ह्या बाळाला आडवं ठेवून तोलायचा काटा, यांतला कोणता कधी सुधारायचा, नवीन कोणता काढायचा, कुणी काढायचा, हे सगळं ठरवून एका ठिकाणी मांडून ठेवणं हे त्यांचं काम. या मांडणीला हल्ली रोडमॅप म्हणतात. पूर्वी 'बघू' म्हणायचे.

चिठ्ठीसाहेबांचा रोडमॅप त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर होता. एकशे बारा रंगीत चिठ्ठ्या, एकशे बारा टाचण्या. डावीकडे हा महिना, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, असं करत करत भिंत खिडकीपर्यंत जायची. खिडकीच्या पलीकडे जी वीतभर जागा होती तिला 'कधीतरी' म्हणत. तिथे पडदा यायचा. पडद्यामागे गेलेली चिठ्ठी पुन्हा कुणी पाहिलेली नव्हती, आणि त्यामुळे कारखान्यात भांडणं फार कमी होती.

मग भिंतीला ओल आली आणि रंगारी आला. चांगला माणूस, हाताला स्वच्छ. त्याचं नाव चिठ्ठीसाहेबांच्या बायकोनेच कारखान्याला सुचवलं होतं. दोन दिवसांनी साहेब रजेवरून परत आले तर भिंत दुधासारखी पांढरी, आणि रंगारी पिशवी घेऊन उभा.

"नुसत्या काढल्या नाहीत," तो म्हणाला. "नीट लावल्यात. पिवळ्या पिवळ्यांत, हिरव्या हिरव्यांत. आधी फार गबाळं दिसत होतं, साहेब."

नऊ वर्षांचा क्रम त्याने रंगाप्रमाणे लावून, रबर लावून, पिशवीत दिला होता. ओरडायचीही सोय नव्हती. बायकोचा माणूस.

मालकांनी हे ऐकलं आणि ते हसले नाहीत, हे जास्त वाईट. "सॉफ्टवेअर घ्या," ते म्हणाले. "सगळे घेतात. पंधरा दिवस घ्या, चार बघा, एक निवडा, शुक्रवारी सगळ्यांसमोर दाखवा. जमत नसेल तर रोडमॅप विक्रीकडे देऊ."

विक्रीप्रमुखांना कारखान्यात फोनवाले म्हणत. शेवटचा फोन ज्याचा आला असेल त्याचा काटा सगळ्यात महत्त्वाचा, हा त्यांचा रोडमॅप होता. दिवसातून सात वेळा बदलायचा. चिठ्ठीसाहेबांनी मान हलवली आणि पिशवी छातीशी धरून खाली उतरले.

स्थिती: तुलना सुरू आहे

सॉफ्टवेअर निवडणं म्हणजे सोपं काम असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी ते खुशाल करून बघावं. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पानावर एक हसरा गट असतो. पाच माणसं, एक पडदा, सगळे पडद्याकडे बघून आनंदाने हसताहेत. चिठ्ठीसाहेबांनी नोकरीच्या तेवीस वर्षांत रोडमॅपकडे बघून हसलेला माणूस पाहिला नव्हता. तरी त्यांनी तीन सॉफ्टवेअरं फुकट वापरून बघायला घेतली. चौथं मालकांनी सांगितलं होतं, पण चौथ्याने पहिल्याच पानावर त्यांचं 'स्वप्न' काय ते विचारलं आणि साहेबांनी खिडकी बंद केली.

राहिली तीन. नावं लक्षात राहीनात म्हणून त्यांनी एकाला निळं म्हटलं, दुसऱ्याला पांढरं, आणि तिसऱ्याला बेडूकवालं. कारण त्यात एखादं काम पूर्ण झालं की कोपऱ्यातून एक हिरवा बेडूक उडी मारून जायचा. का, ते कुणालाच माहीत नव्हतं.

आता वापरून बघायचं म्हणजे आत काहीतरी घालायला हवं. कारखान्याची माहिती घालावी, तर संगणक विभागाच्या बाई आडव्या आल्या. त्यांनी चौऱ्याऐंशी प्रश्नांचा तक्ता दिला. तो भरल्याशिवाय कारखान्याचा एक आकडाही बाहेर जाणार नाही. एकसष्टावा प्रश्न होता: 'आग लागल्यास सॉफ्टवेअर कोणत्या दाराने बाहेर काढाल?' चिठ्ठीसाहेबांनी बराच विचार करून 'मागच्या' असं लिहिलं. तक्ता परत आला. कारण: 'मागच्या दाराला कुलूप असते.'

तेव्हा त्यांनी स्वतःच्या घराची माहिती घातली. घर काय, कारखाना काय, कामं पडून राहायची पद्धत सारखीच. त्यांनी कार्डं केली: 'बाथरूमची गळती.' 'सासूबाईंचा दात.' 'मेहुण्याला गाडी द्यायला नाही म्हणणे.' 'मागची खोली रिकामी करणे.' सॉफ्टवेअर पुढे जाईना. 'तुमचा चमू जोडा,' ते म्हणालं, आणि चार चौकोन दाखवले. चारांत चार मेलचे पत्ते हवेत. कार्यालयातल्या कुणाचे घालायचे नव्हते, म्हणून त्यांनी हाताशी होते ते घातले: बायको, सासूबाई, मेहुणा, आणि जिन्यापलीकडचे मोजणीकाका. फॉर्मातले चौकोन भरायचे असतात, म्हणून भरले. ते चौकोन भरले की त्या चार माणसांना दर हालचालीची मेल जाते, ही गोष्ट त्यांच्या स्वप्नातही आली नाही. तेवीस वर्षांत त्यांनी शेकडो फॉर्म भरले होते, आणि भरलेल्या फॉर्ममुळे पुढे काही घडतं असा अनुभव त्यांना एकदाही आलेला नव्हता.

इथे मागच्या खोलीविषयी सांगायला हवं.

बायको शाळेत ग्रंथपाल होती. पोरांनी फाडलेली पुस्तकं ती घरी आणायची आणि जेवणाच्या टेबलावर शिवून, चिकटवून, पुठ्ठा चढवून उभी करायची. पुस्तकबांधणी ती रीतसर शिकली होती. दाबायचं लोखंडी यंत्रही आणलं होतं, तेच ते पलंगाखालचं. त्याला जागा हवी होती, टेबल हवं होतं, ओला डिंक रात्रभर तसाच सोडता येईल अशी खोली हवी होती. खोली होती. पण त्या खोलीत चिठ्ठीसाहेबांनी चौदा वर्षांत घरी आणलेले एक्केचाळीस वजनकाटे होते: फसलेले, बंद पडलेले, बाजारात न गेलेले. त्यातला एकही मोडीत काढायला ते तयार नव्हते. सहा वर्षं ते "करू ना, कधीतरी" म्हणत होते, आणि सहा वर्षं जेवणाआधी डिंकाची बाटली उचलली जात होती.

सॉफ्टवेअरमध्ये बघायची मुख्य गोष्ट अशी की कार्ड एका महिन्यातून दुसऱ्यात सहज सरकतं का. चिठ्ठीसाहेबांनी माउस हातात घेतला, आणि हात आपोआप त्या कार्डाकडे गेला. ढकलायच्या सवयीचं दुसरं कार्डच नव्हतं. 'मागची खोली' त्यांनी या महिन्यातून उचलली आणि शेवटच्या रकान्यात सोडली. रकान्याचं नाव त्यांनीच दिलं होतं: कधीतरी.

सुरेख सरकलं. निळ्यात, पांढऱ्यात, बेडकात, तिन्हींत सरकलं.

स्थिती: उशिराने चालू

दुसऱ्या दिवशी सासूबाई चष्मा कपाळावर चढवून समोर उभ्या.

"जावईबापू, माझा दात उशिराने चालू आहे म्हणे."

"कोण म्हणतं?"

"मेल आली. तीन आल्या. एकीत खाली हिरवा बेडूक आहे. दात माझा, दुखतोय मला, आणि उशिराने चालू आहे हे मला बेडूक सांगतो?"

तेवढ्यात मेहुण्याचा फोन.

"भावोजी, मला एक काम आलंय. 'मेहुण्याला गाडी द्यायला नाही म्हणणे.' हे मीच करायचं का?"

"अरे, ते सहज, म्हणजे नमुना म्हणून."

"मी रद्द केलं. बरं, शनिवारी गाडी लागेल."

इथून पुढे चिठ्ठीसाहेबांना रोडमॅप, मालक, फोनवाले, कशाचीच काळजी उरली नाही. एकच उरली. सासूबाईंना मेल गेली, मेहुण्याला गेली, म्हणजे बायकोलाही गेली. आणि बायकोच्या मेलमध्ये काय असणार? तिची सहा वर्षांची खोली, तिच्या नवऱ्याने, स्वतःच्या हाताने, वेळेच्या नोंदीसकट, 'कधीतरी'त टाकलेली. तोंडी म्हटलेलं 'कधीतरी' हवेत विरतं. हे लेखी होतं.

संध्याकाळी ते टेबलापाशी घुटमळले. बायको इतिहासाच्या पुस्तकाची पाठ शिवत होती.

"अगं, तुला काही मेल वगैरे आली का?"

"रोज शंभर येतात. कसली?"

"काही नाही. अशीच."

"अहो, तो दोरा द्या जरा. पांढरा."

त्यांनी दोरा दिला. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. पण त्यांना आठवलं की तो मेलचा पत्ता तिने विजेच्या बिलासाठी काढला होता आणि ती तो उघडतच नाही असं एकदा म्हणाली होती. जीव थोडा खाली पडला. उद्या गेल्या गेल्या कार्डच पुसून टाकायचं, असं ठरवून ते झोपले.

सकाळी कार्यालयात पाहिलं तर कार्ड पुसता येईना. फुकट वापरणाऱ्याला कार्ड पुसायची सोय नव्हती. त्यासाठी विकत घ्यावं लागतं. आणि मुख्य म्हणजे कार्ड 'कधीतरी'त नव्हतंच. ते परत या महिन्यात येऊन बसलं होतं.

त्यांनी ते ढकललं. दुपारी बघतात तर परत आलेलं.

स्थिती: दोष आढळला

चिठ्ठीसाहेब मुळात यंत्राचा माणूस. काटा एकदा शून्यावर आणला की शून्यावर राहिला पाहिजे. आपोआप हलणारा काटा त्यांनी जन्मात पास केला नव्हता. निळ्यात कार्ड परत येत होतं म्हणून त्यांनी निळ्यापुढे शेरा मारला: 'स्थिर नाही.' पांढऱ्यातही तेच. बेडकातही तेच. तिन्ही कंपन्यांना त्यांनी तक्रार धाडली. निळ्याने चार दिवसांनी कळवलं की तुमच्या अनुभवाबद्दल आम्हाला आनंद वाटतो. पांढऱ्याने संगणक बंद करून चालू करायला सांगितलं. बेडूकवाल्यांनी लिहिलं, 'कार्ड आपोआप हलत नाही. कृपया आपल्या चमूशी बोलावे.'

चमूशी! चमूत सासूबाई होत्या.

तरी ते बोलले. "आई, तुम्ही त्या बेडकात काही दाबलंत का?"

"मी कशाला दाबू? मी दाताला लवंग दाबून बसलेय."

मोजणीकाका जन्मभर लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त झाले होते. त्यांना विचारायची गरजच नव्हती; त्यांनाही रोज मेल येत होती आणि निवृत्तीनंतर कुणीतरी कामात घेतलं म्हणून ते खूश होते. त्यांनी जिन्यात गाठलं.

"तुमच्या मागच्या खोलीची हद्द सरकतेय," ते गंभीरपणे म्हणाले. "मी पाहतोय ना रोज. एक जण खुंट्या पुढे नेतो, दुसरा मागे आणतो. माझ्या नोकरीत अशी चाळीस प्रकरणं पाहिलीत. नेहमी घरातलाच माणूस असतो."

"काका, हे सॉफ्टवेअर आहे. यात दोष आहे."

"जमिनीतही दोष आहे असंच सगळे म्हणायचे," काका म्हणाले आणि सॉफ्टवेअर बंद कसं होतं ते बघण्याविषयीचा तो सल्ला देऊन आत गेले.

घरात मात्र अवघडलेली शांतता होती. म्हणजे ती फक्त चिठ्ठीसाहेबांना अवघडलेली वाटत होती. बायको नेहमीसारखी गुणगुणत पुठ्ठे कापत होती. अपराधी माणसाला बायकोचं गुणगुणणंही चौकशीसारखं ऐकू येतं. एकदा ती सहज म्हणाली, "तुमचं ते सॉफ्टवेअरचं कुठवर आलं?"

"कधीतरी होईल," ते बोलून गेले.

आणि तिने डिंकाचा ब्रश थांबवून, वर न बघता, तो 'साधारण कधी?'वाला प्रश्न विचारला. साहेबांना ठसका लागला. पाणी प्यायला जे आत गेले ते अर्धा तास बाहेर आले नाहीत.

स्थिती: शुक्रवार

संगणक विभागाच्या बाईंनी अखेर परवानगी दिली (आग लागल्यास: 'पुढच्या दाराने, सावकाश'), आणि गुरुवारी दिवसभर बसून चिठ्ठीसाहेबांनी एकशे बारा चिठ्ठ्या बेडूकवाल्यात भरल्या. बेडूकच का? कारण तिघांतला तो एकटा त्यांच्याशी सरळ बोलला होता. कारखान्याचा तक्ता वेगळा, घराचा वेगळा. शुक्रवारी सकाळी, सभेच्या आधी, सवयीने त्यांनी घरच्या तक्त्यात डोकावलं. मागची खोली परत या महिन्यात. त्यांनी दात-ओठ खाऊन ती अकराव्यांदा ढकलली आणि सभागृहात गेले.

मालक होते, फोनवाले होते, संगणकाच्या बाई होत्या, भांडारपाल होते. चिठ्ठीसाहेबांनी घसा साफ केला, प्रोजेक्टर लावला, आणि भिंतीवर सात फूट रुंद अक्षरांत उमटलं: 'सासूबाईंचा दात.'

बेडूकवाल्याची पद्धत अशी की शेवटी जो तक्ता हलवला तोच आधी उघडतो. ही पद्धत साहेबांना त्या क्षणी कळली.

"हे कोणतं मॉडेल?" मालकांनी विचारलं.

कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी तक्ता बंद करायला माउस शोधला, तो टेबलाखाली पडला, ते खाली वाकले. डोकं वर काढून पाहतात तो, भिंतीवर, सगळ्यांच्या देखत, कुणी हात न लावता, 'मागची खोली रिकामी करणे' हे कार्ड 'कधीतरी'तून उचललं गेलं, तरंगत तरंगत डावीकडे आलं आणि या महिन्यात अलगद बसलं.

खाली ओळ उमटली: 'बायको यांनी हे कार्ड हलवले.'

"हे आपोआप झालं?" मालक.

"नाही," संगणकाच्या बाई पुढे झुकून म्हणाल्या. "इतिहास दाबा. तिथे, उजवीकडे."

साहेबांनी दाबला. दाबायचा नव्हता, पण सभेत बाई जे सांगतात ते हात करतो. भिंतीवर यादी आली आणि मालकांनी ती मोठ्याने वाचली. "पुढे ढकलले. परत आणले. पुढे ढकलले. परत आणले." अकरा वेळा ढकलले, अकरा वेळा परत आणले. प्रत्येक ओळीपुढे वेळ. परत आणण्याची वेळ रोज तीच: शाळेची मधली सुट्टी.

फोनवाल्यांनी हात वर केला. त्यांचा चेहरा पडला होता. "एक विचारायचं होतं. हा इतिहास बंद करता येतो का? म्हणजे, कुणी कुठला काटा कधी पुढे नेला, ते सगळं असं राहणार का?"

"राहणार," बाई म्हणाल्या.

मालकांनी फोनवाल्यांकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग म्हणाले, "हेच घ्या." आणि दारापाशी थांबून, "तुमच्या मिसेस नोकरी बदलायचा विचार करतायत का?"

रोडमॅप बचावला होता. पण साहेबांना घरी जायचं होतं.

स्थिती: तपासणीत

बायको टेबलापाशीच होती. चिठ्ठीसाहेब दारात उभे राहिले, पिशवी खाली न ठेवता.

"तू होतीस."

"मग काय बेडूक होता?"

"मी तीन कंपन्यांना तक्रार केली गं. स्थिर नाही म्हणून."

"वाचली ना मी. त्याचीही चमूला मेल येते. तिसरीत तर शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या." तिने पुस्तक बाजूला ठेवलं. "बसा. किती घाम आलाय."

"रागावली नाहीस?"

"सहा वर्षं रागावलेच होते. तुम्हाला दिसलं कुठे? तुम्ही नुसतं म्हणायचात आणि मला ते धरता येत नव्हतं. या वेळी पहिल्यांदा धरायला कार्ड मिळालं." ती हसायला लागली. "आणि खरं सांगू? मजा यायला लागली हो. मधली सुट्टी झाली की बघायचं, आज ढकललंय का. एक दिवस तुम्ही ढकललं नाहीत तर मला वाटलं, बरे नाहीत की काय."

चिठ्ठीसाहेब बसले. पंधरा दिवस छातीवर ठेवलेलं पाच किलोचं वजन कुणीतरी उचललं असं त्यांना झालं. त्यांनाही हसू फुटलं, मग आवरेना, मग आतून सासूबाईंचा आवाज आला, "हसू नका, इथे दात हलतोय!" आणि दोघं आणखीच हसले.

दरम्यान कारखान्यात सॉफ्टवेअरची खरेदी अडली होती. भांडारपालांचा नियम साधा होता: आलेली वस्तू बघायची, तोलायची, वहीत चढवायची, त्याशिवाय पुढे कागद जाणार नाही. "माल दाखवा," ते म्हणाले. माल नाही म्हटल्यावर ते दुखावले. "वजनकाट्याच्या कारखान्यात बिनवजनाची वस्तू? मी सही करू?" शेवटी पासवर्ड लिहिलेला कागद त्यांच्या काट्यावर ठेवला. तोच चार ग्रॅम भरला, आणि सगळ्यांची सुटका झाली.

शनिवारी मागची खोली रिकामी झाली. गाडी मेहुण्याने नेलेली होती, म्हणून त्यालाच गाडीसकट बोलावलं. एक्केचाळीस काटे तीन खेपांत कारखान्यात गेले. भांडारपालांनी एकेक प्रेमाने तोलला. मोजणीकाकांनी खोलीच्या चारही कोपऱ्यांत उभं राहून हद्द कायम झाल्याचं जाहीर केलं. सासूबाईंचा दात सकाळीच निघाला होता. तोही तोलला गेला, दीड ग्रॅम. मग चौघांनी पलंगाखालून यंत्र ओढून काढलं, कुणाचीही करंगळी न ठेचता, आणि खिडकीपाशी नेऊन ठेवलं.

बायकोने फोन काढला, कार्ड शेवटपर्यंत सरकवलं आणि 'पूर्ण'मध्ये सोडलं. कोपऱ्यातून हिरवा बेडूक उडी मारून गेला.

"अगं, आता भिंतींना रंग काढायला हवा," चिठ्ठीसाहेब खोलीभर नजर फिरवत म्हणाले. "त्या रंगाऱ्याला विचारू या का? कधी... म्हणजे, सोमवारी?"

बायकोने बोलावलं म्हणून रंगाऱ्याने मागच्या खोलीचं माप कारखान्याची भिंत रंगवण्याच्या आठवडाभर आधीच नेलं होतं.